तबकडीतला खोकला

माझ्या फोनमध्ये एके काळी इतकी गाणी होती की सगळी एकदम लावली असती, तर भुसावळचं जंक्शन दचकून तापीपलीकडे पळालं असतं. त्याआधी ती पेन ड्राइव्हमध्ये होती, त्याच्याआधी सीड्यांमध्ये. आता म्हणे ती फोनमध्येही नसतात. कुठेतरी वर असतात आणि आपण बोलावली की खाली उतरतात. पितरांसारखी. मी ठिबकच्या नळ्या विकतो. जळगावात मेहरूणच्या अंगाला माझं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की मी गाणी ऐकत असे. म्हणजे ऐकायचा तो माझा अंगठा. दोन ओळी झाल्या की त्याला कंटाळा यायचा आणि तो पुढच्या गाण्यावर उडी मारायचा. इतक्या वर्षांत एक गाणं मी शेवटापर्यंत ऐकलं, तेही हाताला पाइपचं सोल्युशन चिकटलेलं होतं म्हणून.

शिवाय मला काय आवडतं हे ते यंत्रच मला सांगायचं. माझी सख्खी आई जन्मभर मला आवडतात म्हणून गिलके वाढत राहिली, आणि मला गिलके कधीच आवडले नाहीत. जिने जन्म दिला तिला जे कळलं नाही, ते या वीतभर काचेला कळणार! एकदा दुकानात पंप दुरुस्तीचा व्हिडिओ पाहिला, तर त्याने आठवडाभर मला पाण्याचीच गाणी ऐकवली.

अशा माणसाने तबकड्या जमवायला घेतल्या म्हटल्यावर लोकांना वाटलं, म्हातारपणी रसिकता फुटली. रसिकता वगैरे काही नाही. संगीतावर प्रेम करणाऱ्यांची जात निराळी असते, ती पुढे येईलच आणि तिचा समाचारही घेईन. मी तबकड्यांच्या मागे लागलो तो नानांच्या खोकल्यापायी.

नाना म्हणजे माझे चुलते, धुळ्याचे. आमच्या घराण्यात थापा मारणं हे जमिनीसारखं वडिलोपार्जित आहे, फक्त जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि थापा एकत्रच राहिल्या. त्या सगळ्या नानांच्या नावावर. शिरपूरच्या वरच्या डोंगरात त्यांना बिबट्या आडवा आला होता आणि नानांनी त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तो ओशाळून बाजूला झाला. पांझरेला पूर आला तेव्हा ते म्हशीचं शेपूट धरून पलीकडे गेले, आणि डोक्यावरचा रेडिओ मधल्या धारेतही बातम्या देत होता. ही असली माणसं आता होत नाहीत. आताची माणसं खोटं बोलतात, पण फायद्यासाठी. त्यात कला कुठली?

या सगळ्या थापांच्या डोक्यावर तुरा म्हणून एक गोष्ट होती. तरुणपणी नाना रावेरकडची केळी मुंबईला नेणाऱ्या ट्रकवर होते. गाडीमालकाच्या ओळखीचा एक व्हायोलिनवाला होता, त्याच्यासाठी केळीची फणी घेऊन नाना थेट गाण्याच्या रेकॉर्डिंगला पोचले. तिथे त्यांना भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं, श्वास घ्यायचा नाही. नानांनी पहिलं कडवं श्वास न घेता काढलं. मग मध्ये बासरी आली, बासरी थांबली, आणि त्या शांततेत नाना खोकले. गाणारीला दुसरीकडे जायचं होतं, पुन्हा गायला वेळ नव्हता, त्यामुळे गाणं तसंच राहिलं. "मी रेकॉर्डवर शे," नाना सांगायचे. गायक, वादक, संगीतकार यांच्या बरोबरीने, खोकल्यापुरते का होईना, ते त्या गाण्यात होते. ते गाणं कोणतं हे मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच फोन काढाल, आणि पुढचा सगळा घोळ त्या फोनानेच केला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे धुळ्याला नानांकडे जमलो होतो. लेकी माहेरी आलेल्या, अंगणात झोका बांधलेला, आमरसाची पातेली. नानांचे जावईही आले होते, पुण्याहून. जावयाला उलट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत ज्याने पाडली त्याला जावई नसावा. जावईबापूंनी कवठाएवढा स्पीकर आणला होता आणि तो बोटाने उलटासुलटा करून दाखवत होते, जणू त्यांनीच तो अंड्यातून उबवला.

नाना रंगात आले आणि त्यांनी खोकल्याची गोष्ट काढली. जावईबापू म्हणाले, "नाना, मग ऐकूच की. गाणं सांगा, आत्ता लागतं."

गाणं लागलं. नानांनी हात वर केला, सगळ्यांना गप्प केलं. झोक्यावरच्या पोरी थांबल्या. कडवं झालं, बासरी सुरू झाली. "आते देखा," नाना म्हणाले. "बासरी थांबनी का मी येस."

बासरी थांबली. आणि लगेच व्हायोलिनं आली. नाना आले नाहीत.

पुन्हा लावलं. बासरी थांबली, नाना आले नाहीत.

"एकदम क्लीन आहे, नाना," जावईबापू म्हणाले. "रिमास्टर्ड आहे. माशी शिंकली असती तरी ऐकू आली असती यात."

"व्हता रे भो," नाना म्हणाले. "माना खोकला व्हता तठे."

आणि मग आमच्यातलाच कोणीतरी, आमरसाने माखलेल्या तोंडाचा, म्हणाला, "नाना, मग बिबट्याचंही असंच का?"

हसू फुटलं. झोक्यापासून चुलीपर्यंत सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसण्याइतका वेळ मिळाला नाही. नाना हसले नाहीत. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि ते आत जाऊन पडले.

त्या दिवसापासून नानांनी थापा मारणं बंद केलं. तुम्हाला यातलं गांभीर्य कळणार नाही. मी जळगावहून फोन करायचो, "नाना, काय चाललंय?" आणि पलीकडून यायचं, "काही नही. ऊन शे." ऊन होतंच! खरंच होतं! आमच्या घरात इतकं कोरडं आणि खरं वाक्य माणूस सलाईन लावल्यावरच बोलतो. नानांची सूनबाई म्हणाली, "भाऊजी, जेवतात, झोपतात, पण दूध आलं का आणि लाइट गेली का, एवढंच विचारतात." बोलकं झाड वाळत होतं. आणि त्याला वाळवलं कोणी, तर कवठाएवढ्या डबीनं.

मला दुसरीही एक धास्ती होती, लपवण्यात अर्थ नाही. नानांनंतर थापांच्या गादीवर माझा नंबर आहे. आज नानांची गोष्ट फोनवर तपासली, उद्या माझ्या तपासतील.

दुकानात बसून विचार करता करता माझ्या लक्षात आलं की जावई 'क्लीन' म्हणाला होता. साफ केलंय. अरे, साफ केलंय म्हणजे काहीतरी काढून टाकलं असणारच की! झाडलेल्या घरात कचरा नाही यावरून कचरा कधी नव्हताच, असं म्हणणारा माणूस आमच्या खानदानाचा जावई. खोकला असेल तर तो मूळच्या तबकडीत असेल. तबकडी कोणी धुऊन-पुसून नवी करत नाही, ती जन्मते तशीच मरते. मला ती तबकडी हवी होती.

आधी मी पुण्यात चौकशी केली, कारण तिथे म्हणे ही फॅशन परत आली आहे. गेलो. एका दुकानात चष्म्याची काडी चघळणारा एक जण होता. मी गाणं सांगितलं, तर त्याने मला प्रवचनच दिलं. "काका, डिजिटल आवाज थंड असतो. रेकॉर्डच्या आवाजात एक ऊब असते."

मी जळगावचा माणूस. मे महिन्यात मला ऊब विकायला निघालेला हा पहिलाच.

ही ती प्रेम करणाऱ्यांची जात. यांच्याकडे तबकडी असते, पण ती वाजवत नाहीत. हातमोजे घालून बघतात, वास घेतात, फोटो काढतात आणि तो फोटो पुन्हा त्याच फोनवरून जगाला दाखवतात. शेजारच्या कॉफीच्या दुकानात तर तबकड्या भिंतीला ठोकल्या होत्या. एकीला काटे लावून घड्याळ केलं होतं. वेळही चुकीची होती. मी कॉफी अर्धी टाकून उठलो आणि संध्याकाळच्या गाडीला बसलो.

तबकडी मिळाली ती धरणगावात. तिथे एक जुना लाऊडस्पीकरवाला आहे. एके काळी तालुक्यातलं एकही लग्न त्याच्या भोंग्याशिवाय लागलं नाही. आता त्याच्या पोरांचा डीजे आहे. तो वाजला की विहिरीतलं पाणी कडेला सरकून बसतं आणि कपाशीची बोंडं मुदतीआधी फुटतात. म्हातारा त्याबद्दल काही बोलत नाही, नुसता कानात कापूस घालतो. त्याच्या मागच्या खोलीत तबकड्यांची थप्पी होती, तिच्यावर रुईची पुटं आणि उंदरांचं गोकुळ. मी वरच्या काही चाळल्या. आमचं गाणं होतं! लहान आकाराची, दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली तबकडी.

"ही एवढी द्या, आबा," मी म्हणालो.

"सुटी नाही भाऊ. केळीचा बाग घडाघडाने विकता का तुम्ही? घ्यायचं तर बठ्ठं घ्या. मशीनसकट."

अशा रीतीने, एका खोकल्यापायी, टेम्पोभर तबकड्या माझ्या दारात येऊन पडल्या, आणि मी संग्राहक झालो. संग्रह काय होता विचाराल तर लग्नातली गाणी, भूपाळ्या, दोन मुलांवर थांबा म्हणून सांगणारं एक गाणं, आणि एका पुढाऱ्याचं भाषण, जे धरण बांधण्याचं आश्वासन देताना नेमकं चिरलेलं होतं. पुढे महिनाभराने मी ते वाजवलं, तेव्हा तो पुढारी "धरण बां... धरण बां..." करत राहिला. आमच्याकडची धरणं त्याच पद्धतीने बांधली गेली.

मशीनची सुई तुटलेली होती. दुसरी सुई मुंबईहून यायची होती. तोवर काय करायचं, तर धुवायचं. बायकोने उंबऱ्यातच बजावलं होतं की उंदरांच्या लेंड्यांसकट हे घरात येणार नाही. मी रिठ्याचं पाणी केलं, मऊ फडक्याने एकेक तबकडी पुसली, अगदी बाळंतिणीच्या पोरासारखी. आणि मग, सांगतो, नीट ऐका, मी त्या वाळत घातल्या.

गच्चीवर. जळगावात. मे महिन्यात. दुपारी.

पुण्याच्या माणसाने हे केलं नसतं, मुंबईच्या माणसाला गच्ची नसते. पण आमच्याकडे मे महिन्यात जे जे ओलं होतं ते ते गच्चीवर जातं. बिबडे, कुरडया, शेवया, मिरच्या, गोधड्या, वर्षाचा गहू. हात आपोआप वरच जातो, डोकं खालीच राहतं. शेजारणीने तिच्या बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, जुनं पातळ अंथरलं होतं, त्याच्याच शेजारी मी चादर टाकून काळ्या बिबड्यांची रांग मांडली आणि खाली येऊन रस-पोळी जेवलो.

डोळा लागतो न लागतो तोच वरून हाक आली. शेजारची अक्का, कावळ्यांपासून बिबडे राखायला छत्री घेऊन बसलेली.

"भाऊ, ओ भाऊ! तुम्हना काळा बिबडा वाकी ग्यात!"

मी वर पळालो. तबकड्या फुलल्या होत्या. काहींच्या वाट्या झाल्या होत्या, काहींच्या पत्रावळी, एक तर अशी मुरडली होती की तिला दोरी लावली असती तर पिशवी झाली असती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत होत्या तेवढ्या वाचल्या. आमच्या गाण्याची तबकडी सावलीत नव्हती. तिचा खोलगट वाडगा झाला होता. शेंगदाणे भरून पाहुण्यांपुढे ठेवावा असा.

अक्का वाकून बघत म्हणाली, "तळतस का आते?"

मी तो वाडगा घेऊन खाली आलो. नानांचा खोकला, जगात बाकी कुठेच शिल्लक नसलेला, माझ्या हातात वाकडा होऊन पडला होता. तिकडे धुळ्याला म्हातारा "ऊन शे" म्हणत बसलेला, आणि इकडे त्याच उन्हाने हे केलं होतं.

उपाय सुचला तो कोठीकडे बघून. वर्षाचा गहू नुकताच भरला होता. पत्र्याची कोठी गळ्यापर्यंत भरून उभी होती. मी शोकेसच्या दोन काचा काढल्या.

बायको म्हणाली, "हे काय चाललंय?"

"तबकडी दोन काचांच्या मध्ये ठेवायची, वर पाट, आणि पाटावर कोठी."

"गहू भरून झालाय. आता कोठी हलणार नाही."

"हलवायची कुठे आहे? उचलायची आहे."

पुढचा संवाद देत नाही. गहू उपसला, काचा ठेवल्या, पाट ठेवला, कोठी ठेवली, गहू भरला. जे उन्हाने वाकवलं ते उन्हानेच सरळ करावं, म्हणून खोलीची खिडकी दिवसभर उघडी टाकली. त्या खोलीत तेव्हा इतकं तापायचं की पाल भिंतीवरून उतरून फरशीवर पाय आळीपाळीने उचलत चालायची. बायकोने एवढंच बजावलं की आता कोठी श्रावणात कानबाई देवीच्या गव्हासाठीच सरकेल, त्याआधी तिला हात लावायचा नाही.

सुई आली. तबकडी कोठीखाली. म्हणून मी सावलीत वाचलेल्या तबकड्या वाजवू लागलो. आणि आता पुण्याच्या लोकांसारखं काहीतरी गोड बोलेन असं वाटत असेल तर विसरा. तबकडी हे अत्यंत अडाणी यंत्र आहे. तेलात मोहरी तडतडावी तशी आधी तडतडते, मग गाते. गाणं संपलं की उठा, उलटवा, बसा. माझे गुडघे वाजायचे ते तबकडीपेक्षा सुरात. पण एक होतं. अंगठ्याला काही काम नव्हतं. लावलं ते गाणं शेवटपर्यंत ऐकावंच लागायचं, आणि त्यातली बरीच गाणी भिकार होती! एखादं भिकार गाणं पुरतं ऐकल्यावर जी सणसणीत चीड येते, ती कित्येक वर्षं मला आलीच नव्हती. फोनने ती माझ्याकडून केव्हा काढून घेतली, कळलंही नव्हतं. मी दुकानात नव्या जोमाने लोकांवर खेकसू लागलो. तब्येत सुधारली.

श्रावण आला. कानबाईला सगळे भाऊबंद धुळ्याला जमतात. रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचा, गहू काढायला बायकोने कोठी उपसली, आणि मी खालून काचा ओढल्या. वाडग्याची थाळी झाली होती. अगदी सपाट नाही, एका कडेला लाट राहिली होती, पण मशीनवर ठेवण्याजोगी होती. बायको म्हणाली, "वाजवून तर बघा." मी नाही वाजवली. खोकला नसलाच तर? तसं असेल तर ते कळताना मला एकट्याने तिथे असायचं नव्हतं. मशीन गाडीच्या मागच्या सीटवर, तबकडी माझ्या मांडीवर. पारोळ्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी तिला नव्या नवरीसारखं सावरत नेलं.

नानांच्या घरी रविवारची दुपार. कानबाई बसलेली, स्वयंपाकघरात सुनांची रोटाची गडबड. ओसरीवर भाऊबंद. जावईबापूही आले होते. रोट आमच्याकडे फक्त भाऊबंदच खातात, जावयाला त्यातला घासही मिळत नाही, आणि ही मात्र रीत ज्याने पाडली त्याचं मी तोंडभरून कौतुक करतो. नाना खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी पाया पडलो तर म्हणाले, "उनास का? बरं."

आलास का, बरं! नाना मला नुसतं बरं म्हणाले!

मी मशीन मांडलं. जावईबापू उठून बघायला आले. "वा भाऊ, अँटिक! पण ही तबकडी डोलतेय."

"डोलेल. देवीचा दिवस आहे."

सुई ठेवली. तडतड झाली. गाणं सुरू झालं ते सातपुड्याच्या घाटातल्या एसटीसारखं. कडेची लाट आली की गाणारीचा आवाज वर चढायचा आणि खाली घरंगळायचा. भाऊबंद हसायला लागले. कोणी म्हणालं, "बाईला गाडी लागली वाटतं." नानांनी मान वर केली नाही. कडवं संपत आलं. बासरी आली. मी नानांकडे पाहिलं. काठीवरची त्यांची बोटं पांढरी झाली होती. बासरी थांबायला आली, लाट आली, सुईने उडी मारली आणि थेट दुसऱ्या कडव्यात जाऊन पडली.

"गेला खोकला!" जावईबापू म्हणाले.

 धरणगावच्या म्हाताऱ्याने अशा वेळी काय करायचं ते सांगितलं होतं: सुईच्या दांड्यावर वजन. मी खिसे चाचपले. शर्टाच्या खिशात नळीचा एक जोड सापडला, बोटाच्या पेराएवढा. ठिबकवाल्याच्या खिशात दुसरं काय असणार? तो दोऱ्याने दांड्यावर बांधला, आणि पुन्हा लावलं. तडतड, बाई, घाट, कडवं. बासरी. लाट आली. सुई वर चढली, थरथरली, आणि नळीच्या जोडाने तिला खाली दाबून धरलं. बासरी थांबली.

आणि खोकला आला.

आधी दोन तुटक, मग एक लांब ओढलेला, शेवटी घसा साफ केल्यासारखा. मग व्हायोलिनं.

  काही माणसांना अक्कल देवाने उधारीवर दिलेली असते, तरी ती त्यांना वेळेवर सापडते, याचा मला संताप येतो. जावईबापू म्हणाले, "खोकला आहे, मान्य. पण भाऊ, तो नानांचाच कशावरून? खोकल्यावर काय नाव लिहिलेलं असतं? कोणीही..."

आणि वाईट हे की त्याचं बरोबर होतं. कोणीही खोकलं असेल. मी, ज्याला आयुष्यात उत्तर सुचलं नाही असा प्रसंग आला नाही, दांड्यावरचा दोरा उगाच पुन्हा आवळत बसलो. नाना माझ्याकडे बघत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई येऊन उभी राहिली. हात कणकेने भरलेले, म्हणून कोपराने पदर पुढे ओढत होती. "नाना," ती म्हणाली, "चहा आत्ताच टाकू, का नैवेद्य झाल्यावर?"

सगळे तिच्याकडे वळले. ती गोंधळली. "खाकरले ना आत्ता? चहाचं खाकरले."

"वहिनी," जावईबापू म्हणाले, "नाना गप्प बसलेत. मशीन खोकलं."

"मशीनला कशाला चहा लागतो?" सूनबाई म्हणाली. "खोकला नानांचाच होता. मला नाही का ओळखू येत?"

आमच्याकडे घरातली म्हातारी माणसं दारातून आत शिरण्याआधी खाकरतात. आत सुना असतात, पदर सावरतात, पसरलेले पाय आवरतात. नानांनी या साध्या रिवाजाची पुरी भाषा करून टाकली होती. आत येतोय हे एक, पाहुणे आलेत हे दुसरं, चहा टाका हे तिसरं. सून या घरात आल्यापासून भिंतीपलीकडून तेवढंच ऐकत आली होती. सासऱ्याचा चेहरा तिने पदराआडून जेवढा पाहिला असेल, त्याच्या शंभरपट त्यांचा खोकला ऐकला होता. तिच्या मागून धाकटी सूनही डोकावली, पदर कपाळापर्यंत. तीही खोकला ऐकूनच सावरली होती. केस पिकतात, आवाज फाटतो, दात जातात; खोकला मात्र बापाकडून घेतलेला जसाच्या तसा राहतो. ट्रकवरचं ते पोर मुंबईत भिंतीशी उभं राहूनही चहाच मागत होतं.

नानांनी काठी बाजूला ठेवली. "ऐकं का जवाईबापू?" ते म्हणाले. "हाई पोर तवय जन्मेल बी नव्हती. तरी तिनी वळखं."

जावईबापू हरले, पण फोनवाला माणूस हरला तरी फोन काढतोच. "थांबा, पुन्हा लावा, रेकॉर्ड करतो, ग्रुपवर टाकू." मी पुन्हा लावलं. त्यांनी फोन पुढे धरला, मग वाजवून दाखवला. तडतड गेली होती, घाट बराच कमी झाला होता, बासरी स्वच्छ होती. बासरी थांबली आणि व्हायोलिनं आली. मध्ये काहीच नाही. फोनने गोंगाट समजून नानांना पुन्हा हाकलून दिलं होतं. जावईबापू सेटिंग उघडून बसले. त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

चहा आला. नानांनी बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

"खरं सांगू का?" नाना म्हणाले.

मी मशीन बंद केलं. आमच्या घराण्यात मोठी थाप अशीच सुरू होते. भाऊबंद सरकून जवळ आले, सुना दारातच थांबल्या. त्या दिवशी, नाना म्हणाले, गाणारीकडे वेळ नव्हता वगैरे बठ्ठं खोटं. वेळ भरपूर होता. पण गाणं संपल्यावर ती बाई काचेच्या खोलीतून बाहेर आली, नानांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, हा खोकला तालात पडलाय, कोणी काढायचा नाही. मग तिने केळीच्या फणीतलं एक केळ स्वतः सोलून नानांना दिलं. आणि म्हणाली, उद्या परत या, उद्याच्या गाण्यात दोन जागा आहेत.

जावईबापूंनी फोन उपडा ठेवला. "मग?" त्यांनी विचारलं. "गेलात का, नाना?"

नानांनी बशी खाली ठेवली. आधी इकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पहिले ते दार लोटी ल्या."